मोठी पेटी, छोटी पेटी आणि ताईचं मशीन

माझे भावोजी कुठलीही वस्तू आधी हातावर तोलतात आणि मग तिच्याबद्दल बोलतात. कुलूप असो, कलिंगड असो, नवी चप्पल असो. माझा मुलगा जन्मला तेव्हा त्यांनी त्याला दोन्ही हातांवर घेतलं, जरा वर-खाली केलं आणि म्हणाले, "सव्वातीन किलो. कागदावर साडेतीन लिहिलंय. यांचा काटा चुकतोय." नर्सबाई चिडल्या. मी खाटेवर पडल्या पडल्या लाजेने अर्धी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी आपली पिशवी घेऊन हजर. त्यांनी प्रसूतिगृहातला काटा उघडला, आतली गंजकी स्प्रिंग बदलली आणि बाळाला पुन्हा ठेवलं. तीन किलो दोनशे साठ. मग मात्र नर्सबाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहाही दिला.

तर भावोजी काटे दुरुस्त करतात. बाजाराच्या टोकाला एका जिन्याखाली त्यांची खोली आहे. खोली म्हणजे काय, उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं. भिंतीभर काटे टांगलेले. घड्याळासारखे गोल, तागडीचे, गोदामातले सपाट, आणि अलीकडचे आकडे दाखवणारे. एका लाकडी खोक्यात मखमलीवर पितळी वजनं झोपवलेली. त्यांना ते उघड्या हाताने शिवत नाहीत, फडक्याने उचलतात. हाताचा घाम लागला की वजन वाढतं म्हणतात. त्या घामाचं वजन किती असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मेहुणीबाई, तुम्हाला जाणवणार नाही. वजनाला जाणवतं."

एक्केचाळीस वर्षं त्यांचा एक नेम आहे. संध्याकाळी खोलीला कुलूप लावलं की बाजारातून एक फेरी मारायची आणि दिसेल त्या दुकानदाराला सांगायचं, "काट्यावरचं काढा. रिकामा राहू दे रात्रभर." कारण काट्यावर बटाट्याची पाटी तशीच राहिली की आतली स्प्रिंग ताणलेली राहते, दमते, आणि आठवडाभरात खोटं बोलायला लागते. काम झालं की वस्तू मोकळी करायची, तिला शून्यावर आणून ठेवायचं. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की घरातसुद्धा ते झोपण्याआधी खुंटीवरची जड पिशवी उतरवून खाली ठेवतात. खुंटीला आराम.

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली ताई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती टेलिफोनच्या कचेरीत होती, दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांना लोकांशी जोडून द्यायची. बोलणं हा तिचा धंदाही होता आणि छंदही. दोन वर्षांपूर्वी तिची फुफ्फुसं कडक व्हायला लागली. का ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. आधी जिना चढताना थांबायची, मग भांडी लावताना, मग वाक्याच्या मध्येच. आता रात्रंदिवस तिच्या नाकाला नळी असते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन. मशीन हवेतूनच ऑक्सिजन काढतं, फक्त त्याला वीज लागते. नळी लांब आहे, स्वयंपाकघरापर्यंत पोचते, बाल्कनीच्या उंबऱ्यापाशी संपते. ताई म्हणायची, "माझं जग पंधरा फुटांचं. त्यापुढे नळी नाही म्हणते."

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सात महिने ती खाली उतरली नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं म्हणण्याइतकं चाललं होतं. मग एके दिवशी इमारतीच्या दारावर वीज कंपनीची नोटीस लागली. लाइनचं काम आहे, दोन महिने, दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते दुपारी दोन वीज बंद. भावोजी नोटिशीपुढे उभे राहून ती तीनदा वाचून आले. वर आल्यावर पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "आठवड्याला आठ तास."

पूर्वी सिलिंडर असायचा, पण तो तीन जिने चढवून आणायला पुरवठादाराने चक्क नकार दिला होता. त्याच्या माणसाची कंबर धरली म्हणे. नळी काढून ताई शांत बसली, तर पंधरा-वीस मिनिटं निभतं. बोटाला लावायचं छोटं यंत्र आहे, ते एरवी त्र्याण्णव दाखवतं, मग नव्वद, सत्त्याऐंशी असं उतरत जातं. पंचाऐंशीच्या खाली जाऊ द्यायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद.

भावोजींचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, बॅटऱ्या-इन्व्हर्टर विकणारा दुकानदार. त्याच्या वडिलांच्या गोदामातला काटाही भावोजींनीच राखलेला. तो म्हणाला, "काका, आता पोर्टेबल पॉवर स्टेशन मिळतात. पेटीसारखी असतात. भिंतीच्या प्लगला लावून भरायची आणि वीज गेली की तिच्यातच मशीन लावायचं. धूर नाही, आवाज नाही. दोन आकार आहेत, दोन्ही घेऊन जा. दोन आठवडे वापरून बघा, एक ठेवा, एक परत द्या."

दोन्ही पेट्या घरी आल्या. मोठी वर चढवायला दोन माणसं लागली. शेजारच्या घरातली मुलगी पोहायला शिकवते, आम्ही सगळे तिला कोचच म्हणतो. एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला भावोजी. कोचला काही झालं नाही, भावोजी मात्र सोफ्यावर जे पसरले ते अर्धा तास उठले नाहीत. उठले ते काटा आणायला.

"बावीस किलो चारशे," त्यांनी जाहीर केलं. "कागदावर बावीस आहे. हे चारशे ग्रॅम कुठले?"

"तुमचा घाम," ताई म्हणाली.

छोटी सहा किलो शंभर. वर कडी असलेली, मी एका हाताने उचलून खोलीभर फिरवून दाखवली. मला वॅट-बिट कळत नाही, शाळेत पुस्तकात होतं तेवढंच. पण भावोजींनी कागदावर रेघा ओढून समजावलं. ताईचं मशीन तीनशे वॅट ओढतं. तेवढं देण्याची ताकद दोन्ही पेट्यांत आहे. प्रश्न फक्त किती वेळ देतील हा. मोठीत छोटीच्या चौपट साठा आहे.

पहिल्या मंगळवारी मोठी लावली. दहाला वीज गेली, मशीनने लांबलचक शिट्टी मारली, भावोजींनी प्लग काढून पेटीत घातला आणि मशीन पुन्हा श्वास टाकायला लागलं. दोन वाजले तरी पेटीच्या आकड्यात सत्तावीस टक्के शिल्लक. भावोजींचा चेहरा असा की पेटी त्यांनीच जन्माला घातली असावी.

शुक्रवारी छोटीची परीक्षा. एक तास वीस मिनिटं. मग ती गप्प झाली आणि उरलेला वेळ मोठीने काढला.

"झालं," भावोजी म्हणाले. "निकाल लागला. छोटी परत."

ताई खिडकीशी बसली होती. म्हणाली, "मला विचाराल?"

"यात विचारायचं काय? चार तास वीज जाते. एक चार तास पुरते, एक पुरत नाही."

"छोटी ठेवा."

"का?"

ताईला लांब बोलायचं असलं की ती आधी श्वास गोळा करते. आम्ही थांबलो. "मोठी म्हणजे घरात आणखी एक कपाट. एकदा ठेवलं की हललं नाही. ही छोटी... छोटीने हातात धरली, मशीन कुणी घेतलं, तर मी खाली जाऊ शकते." छोटी म्हणजे मी. माझ्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही मी छोटीच आहे.

"खाली कुठे जायचंय तुला?" भावोजी म्हणाले.

त्यांनी ते वाईट भावनेने विचारलं नव्हतं. पण ताई काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा घरात काय होतं ते टेलिफोन कचेरीतल्या बाईच्या नवऱ्यालाच ठाऊक. भावोजी उठून स्वयंपाकघरात गेले आणि स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागले. मी मागून गेले.

"अहो भावोजी, तिला जरा बाहेरचं वारं..."

"मेहुणीबाई," ते ओट्याकडे बघतच म्हणाले, "एक तास वीस मिनिटांनंतर ती बंद पडली ना शुक्रवारी, तेव्हा मी दुसरा प्लग हातात धरून शेजारीच उभा होतो. तरी पहिल्या खेपेला तो भोकात गेला नाही. जिन्यात बंद पडली तर? तुम्ही सांगा मला."

मला त्यांचं पटलं. मी ताईच्या बाजूने बोलायला गेले होते आणि भावोजींच्या बाजूची होऊन बाहेर आले. ताईने एका नजरेत ओळखलं. "फितूर," म्हणाली.

दुसरा मंगळवारही मोठीवर निभला. छोटी गुरुवारी परत द्यायची ठरली.

मी शाळेत शिकवते. त्या गुरुवारी माझी शाळा दुपारची होती, म्हणून सकाळी मी ताईकडे होते. भावोजी बाजारात गेले होते. गुरुवार, म्हणजे नोटिशीत नसलेला वार, सगळे निर्धास्त. मी ताईचे केस विंचरत होते आणि ती मला कोचचं लग्न ठरत नाही ते कसं चांगलंच आहे हे सांगत होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी खाली रस्त्यावर मोठा फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, पंखा मंदावला आणि मशीनने शिट्टी मारली.

"घाबरू नकोस," ताईनेच मला सांगितलं. "मोठी लाव."

मी प्लग काढला, मोठी पेटी भिंतीशी होती तिथे गेले, प्लग घातला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर एक बारीक शून्य उमटलं आणि विझलं.

"ताई, यात काहीच नाही!"

"भरलेली असणार. यांनी मंगळवारीच..." ती थांबली. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. "काल रात्री पंखा आणि टेबललॅम्प तिच्यावर लावून बसले होते. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, उरलेलं काढून टाकतो, शुक्रवारपर्यंत तिला काम नाही. भरलेल्या अवस्थेत ताण पडतो. आराम करू दे. शुक्रवारी पहाटे भरतो."

एक्केचाळीस वर्षांचा नेम. माणसाने पेटीलाही शून्यावर आणून झोपवलं होतं. बॅटरीचं गणित नेमकं उलटं असतं, तिला रिकामं ठेवलं की तिचंच आयुष्य कमी होतं, हे आम्हाला नंतर त्या दुकानदाराने सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की ताईच्या नळीतून काही येत नाहीये.

"छोटी," ताई म्हणाली.

छोटी पेटी दाराशी खोक्यात बांधून ठेवलेली होती, वर चिकटपट्टी, पट्टीवर दुकानाचं नाव. मी ते खोकं नखांनी फाडलं. आणि मनात म्हटलं, परत द्यायची वस्तू, हिच्यात तरी काय असणार? बटण दाबताना मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. उघडले तेव्हा पडद्यावर हिरवा आकडा होता. शंभर.

"मी काल दुपारी भरून ठेवली," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आईने शिकवलंय ना? कुणाची वस्तू रिकामी परत करायची नाही."

मशीन सुरू झालं. बोटावरचा आकडा अठ्ठ्याऐंशीवर होता, तो हळूहळू नव्वदवर आला, मग एक्क्याण्णव. मी जमिनीवरच बसले. खूप वेळाने मला समजलं की मी अजून कंगवा धरूनच बसलेय.

वीज कंपनीला फोन लावला. बाई म्हणाली, "ट्रान्सफॉर्मर जळालाय. चार-पाच तास तरी लागतील." भावोजींना लावला, तर वाजतोय आणि उचलत नाहीत. ते काट्याखाली डोकं घालून काम करत असले की फोन खोक्यात ठेवतात. दवाखान्यात लावला. तिथल्या नर्सने शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, "जवळ कुठे वीज असेल तिथे त्यांना न्या. घाई करू नका, प्रत्येक मजल्यावर बसवा. आकडा पंचाऐंशीच्या खाली गेला किंवा ओठ निळे वाटले, तर तसंच इकडे या."

मी खिडकीतून पाहिलं. आमच्या बाजूचा रस्ता सगळा मेलेला, पण पलीकडे टेलरकाकांच्या दुकानातला पंखा फिरत होता. त्यांची बाजू दुसऱ्या लाइनवर आहे. तीन जिने, रस्ता, आणि आठ पावलं. पेटीवर अठ्ठ्याहत्तर टक्के.

"ताई, उतरायचं का?"

"मी तेच म्हणत होते ना आठवडाभर," ताई म्हणाली.

मी कोचचं दार बडवलं. ती ओल्या केसांनीच आली, सगळं बघितलं आणि एक प्रश्न विचारला, "मशीन किती किलोचं?"

"चौदा."

"मग ते माझं."

आणि आमची वरात निघाली. पुढे कोच, पोटाशी मशीन धरून, उलट्या पावलांनी. मशीनमधून निघालेली वायर माझ्या उजव्या हातातल्या पेटीत, आणि नळीची वेटोळी माझ्या डाव्या खांद्यावर. मध्ये ताई, एक हात कठड्याला, दुसरा माझ्या दंडाला. वायर चार हातांची, म्हणून कोच एक पायरी जास्त उतरली की मी ओढली जायचे आणि मी थांबले की कोच.

"एकदम!" कोच पोहण्याच्या तलावावर ओरडते तसं ओरडली. "पाय माझ्याबरोबर. एक... थांबा. दोन... थांबा."

"मला पोहायला शिकवतेयस की उतरायला?" ताई म्हणाली.

"बोलू नका, मावशी. श्वास खर्च होतो."

"तीस वर्षं बोलण्याचा पगार..."

"मावशी!"

दुसऱ्या मजल्यावर खुर्ची मागून घेतली. पहिल्या मजल्यावर पायरीवरच बसलो. बोटावर एकोणनव्वद. पेटीवर चोपन्न. माझ्या हाताला रग लागली होती, सहा किलो म्हणजे काय ते तेव्हा कळलं, पण ती बावीसची असती तर आम्ही आमच्याच दारात उभ्या असतो हेही कळलं. मी मनातल्या मनात देवाशी बोलत होते. मागत काही नव्हते. फक्त, तू आहेस ना, एवढंच पुन्हा पुन्हा.

शेवटच्या जिन्यावर ताई मध्येच थांबली. मी घाबरून यंत्राकडे बघितलं. नव्वद होतं.

"काय गं? दम लागला?"

"नाही," ती म्हणाली. "भिंतीला रंग कधी दिला?"

रस्ता ओलांडताना एका टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, मग आमच्या नळ्या-वायरी बघून गाडीच बंद केली आणि मागच्यांना हात दाखवून थांबवलं. टेलरकाकांनी काही विचारलं नाही. गिऱ्हाइकाची खुर्ची पंख्याखाली ओढली, इस्त्रीचा प्लग काढला आणि म्हणाले, "इथे लावा." मी मशीनचा प्लग भिंतीत घातला. छोट्या पेटीवर एक्केचाळीस टक्के होते. म्हणजे अजून अर्धा तास होता आमच्या हातात. मी ती पेटी कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि मला रडू आलं. कोचने माझ्या पाठीवर एक जोरदार थाप मारली. तिच्या मते तो धीर होता.

ताईच्या बोटावर पाऊण तासाने त्र्याण्णव दिसलं. कोच तलावावर गेली. मी शाळेत रजा कळवली. दीड वाजता भावोजींनी फोन खोक्यातून काढला असणार, कारण एक चाळीसला ते गल्लीच्या टोकाला धावत येताना दिसले. वजनांची पिशवी खांद्यावर तशीच, ती दर पावलाला कुल्ल्यावर आपटतेय. मी हाक मारली, पण ते इमारतीत शिरलेसुद्धा. मिनिटभराने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत त्यांचं डोकं दिसलं. त्यांना रिकामी खुर्ची दिसली असणार, फाटलेलं खोकं, आणि भिंतीशी ती मोठी पेटी.

"अहो!" ताईने हाक मारली. सात महिन्यांत मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. "इकडे! समोर!"

ते आले. दुकानाच्या दारात उभे राहिले. आधी त्यांनी नळी बघितली, मग मशीन, मग भिंतीतला प्लग, मग तिच्या बोटावरचा आकडा, आणि शेवटी तिच्याकडे. टेलरकाकांनी त्यांच्या खांद्यावरून पिशवी काढून घेतली, तेव्हा ते इस्त्रीच्या टेबलावरच टेकले.

"मी रिकामी करून ठेवली होती," ते म्हणाले. "मीच. माझ्या हाताने."

"माहीत आहे."

"मला वाटलं, तिला आराम..."

"मशीनला आराम, पेटीला आराम, खुंटीला आराम," ताई म्हणाली. "मला मात्र तीन जिने."

भावोजी हसले नाहीत. गुडघ्यांवर उताणे ठेवलेले आपलेच हात ते बघत होते. एवढे स्थिर हात, मिलीग्रॅमचं वजन चिमट्याने ठेवणारे. ताईने नळीसकट पुढे वाकून ते धरले. "अहो, बघा माझ्याकडे. त्र्याण्णव आहे. तुमच्या काट्यापेक्षा बरा आकडा आहे. झालं ते झालं, देवाने निभावलं."

"आणि कोचने," टेलरकाका सुई ओवत म्हणाले.

"आणि कोचने."

मग भावोजींनी नाक पुसलं आणि विचारलं, या खेपेला खरंच विचारलं, "कुठली ठेवायची?"

"छोटी," ताई म्हणाली.

"एक तास वीस मिनिटं फक्त."

"मग दोन छोट्या."

भावोजी बोटांवर काहीतरी मोजायला लागले. मी त्यांना ओळखते, आत हिशेब चालू होता. दोन छोट्या म्हणजे दोन तास चाळीस. मोठीइतकं नाहीच. पण एक संपायच्या आत समोर टेलरकाकांकडे येता येतं, नाहीतर दवाखान्यातही जाता येतं. आणि एक बिघडली तर दुसरी आहे. मोठी बिघडली तर मोठीच बिघडते.

"आणि मंगळवार-शुक्रवार चार तास?" त्यांनी शेवटचा खडा टाकून पाहिला.

"मंगळवार-शुक्रवार मी इथे बसेन," ताई म्हणाली. "काकांची हरकत नसेल तर."

"माझी कसली हरकत?" काका म्हणाले. "बटणं लावता येतात का?"

"शिकवा."

"मग या."

"उतरायला हरकत नाही," भावोजी म्हणाले, "पण चढायचं कसं, दर वेळी?"

"खुर्चीत बसवून. एका बाजूला तुम्ही, एका बाजूला कोच. माझं वजन तुम्हाला तोंडपाठ आहे."

"एकोणपन्नास किलो सहाशे," भावोजी लगेच म्हणाले आणि मग एकदाचे हसले. डोळ्यांत पाणी होतं, पण हसले.

त्यांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. मोठी घेऊन जा, दुसरी छोटी आण. काय झालं ते सगळं सांगितलं, स्वतःची चूक झाकली नाही. पलीकडून बराच वेळ काहीतरी समजावणं चाललं होतं आणि भावोजी शाळेतल्या मुलासारखे "हो... हो... साठ टक्क्यांच्या वरच... बरं, कधीच शून्य नाही," असं म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी टेलरकाकांकडचा खडू मागून घेतला आणि छोट्या पेटीच्या पाठीवर ठळक अक्षरात लिहिलं: भरलेली ठेवणे. खडू पुसला जाईल म्हणून संध्याकाळी रंगाने लिहीन म्हणाले.

पावणेचारला आमच्या बाजूला गलका झाला. लाइट आली. वरच्या खिडकीत आमचा पंखा फिरायला लागलेला इथून दिसत होता. भावोजी ताडकन उठले, "चला, मी कोचला बोलावतो, खुर्ची आणतो."

"थांबा," ताई म्हणाली.

"अगं, लाइट आली."

"आली ना? मग ती कुठे पळून चाललीय?" तिने दाराबाहेर बघितलं. शाळा सुटलेली मुलं चालली होती, एकजण दप्तर डोक्यावर घेऊन. रस्त्यापलीकडच्या झाडाखाली कुणीतरी सायकलची चेन चढवत होतं. "ही खुर्ची जरा दाराकडे घ्या. नळी पुरेल तेवढी."

भावोजींनी खुर्ची तिच्यासकट हलक्या हाताने ओढली.

"अजून थोडी."

त्यांनी नळीकडे बघितलं, खाली वाकून तिची दोन वेटोळी सोडवली आणि खुर्ची उंबऱ्यापर्यंत नेली.